पहिला नंबर आणि बाकीचा वर्ग

मराठवाड्यातील एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून जन्मतारखेच्या रकान्यावरून सावकाश नजर फिरवली, तर एक तारीख पुनःपुन्हा भेटत राहते आणि ती तारीख म्हणजे १ जून. एकाच गावातील इतकी मुले एकाच दिवशी जन्मास आली असतील हे संभवनीय नाही. वस्तुस्थिती अशी की जन्माची नोंद कोठेच झालेली नसे, ‘पोळ्याच्या मागेपुढे झाला’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता’ एवढीच माहिती बाप देऊ शके, आणि मग गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानास लागतो की नाही ते पाहून, वयाचा अदमास बांधून, शाळा ज्या महिन्यात उघडते त्या महिन्याची पहिली तारीख दप्तरात लिहीत. फुलंब्री, आळंद, वडोद बाजार, गणोरी, बाबरा अशा गावांतील त्या पिढीच्या अनेकांचे कागदोपत्री वाढदिवस म्हणूनच आजही १ जूनला येतात.

या शिरस्त्याने सरकारी दप्तराची सोय झाली, पण एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रत्यक्षात एक-दोन वर्षांनी लहानमोठी असलेली मुले एकाच तट्टावर शेजारी शेजारी बसली, त्यांना एकच उदाहरण घातले गेले, एकाच घटकेला त्यांच्या पाट्या तपासल्या गेल्या आणि जो वयाने थोर होता तो ‘हुशार’ ठरला व जो धाकटा होता तो ‘ढ’ ठरला. आज जन्मनोंदणी बरीच सुधारली आहे, तथापि एका इयत्तेत अकरा-बारा महिन्यांचे अंतर असलेली मुले असणारच, आणि सहा वर्षांच्या जीवाच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे एकूण वयाचा जवळजवळ सहावा हिस्सा होतो. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अनेक देशांतील चाचण्यांचे निकाल तपासून दाखवले की वर्गातील वयाने मोठ्या मुलांना मिळणारा हा लाभ चौथीतच संपत नाही. तो आठवीपर्यंत शिल्लक दिसतो. केवळ वयाचा फरक असता तर तो वाढीबरोबर आपोआप विरून जावयास हवा होता. तो विरत नाही याचे एक कारण, माझ्या मते, असे की दरम्यानच्या काळात त्या मुलाने स्वतःविषयी एक मत बनवलेले असते, आणि ते मत वयाबरोबर विरत नाही.

या मताची घडण कशी होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा आशय साधा आहे. आपली कुवत किती, आपले मत बरोबर की चूक, हे जाणून घेण्याची ओढ प्रत्येक माणसास असते. जेथे वस्तुनिष्ठ माप हाताशी असेल तेथे तो त्या मापाचा उपयोग करतो, आणि जेथे ते नसते तेथे तो दुसऱ्या माणसांकडे पाहतो. आणि त्यातही फार दूरच्या माणसाकडे न पाहता, आपल्यासारख्याच असलेल्या जवळच्या माणसाकडे पाहतो. शाळेतील वर्ग हे या सिद्धान्ताचे सर्वांत शुद्ध उदाहरण होय. समान इयत्ता, समान गणवेश, समान पुस्तक, समान गुरुजी, आणि दररोज पाच-सहा तासांचा सहवास. तुलनेस अधिक अनुकूल अशी रचना कोणी मुद्दाम योजली असती तरी ती याहून निराळी झाली नसती.

लहान मूल मात्र जन्मतः असे तोलत नसते. पहिलीतल्या पोरीस ‘तू चित्र कसे काढतेस?’ असे विचारावे, तर ती ‘खूप छान’ म्हणून सांगते, आणि शेजारणीचे चित्र तिच्याहून सरस असले तरी त्या उत्तरात फरक पडत नाही, कारण तिची तुलना स्वतःच्या कालच्या चित्राशी चाललेली असते. डायन रूबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून असे आढळले की साधारण सात-आठ वर्षांच्या आतली मुले इतरांची कामगिरी पाहतात, तिच्याविषयी बोलतातही, परंतु स्वतःचे मोल ठरवताना तिचा फारसा आधार घेत नाहीत. त्यानंतर मात्र हा आधार झपाट्याने वाढतो. आपल्याकडे हे वय तिसरी-चौथीचे. पहिलीत प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारा मुलगा चौथीत हात वर करण्यापूर्वी एकदा सभोवार पाहून घेऊ लागतो, ही गोष्ट ज्यांनी काही वर्षे प्राथमिक शाळेत काढली आहेत त्यांना सांगावी लागत नाही.

फुलंब्रीचे भौगोलिक स्थान या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले हे तालुक्याचे गाव कापूस, मका आणि अद्रकाच्या शेतीवर उभे आहे, परंतु शहर इतके समीप आहे की सकाळी एकाच फाट्यावर तीन निरनिराळ्या शाळांची मुले उभी असलेली दिसतात: जिल्हा परिषदेच्या शाळेत पायी जाणारी, खाजगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत सायकलीने जाणारी, आणि टाय बांधून पिवळ्या गाडीची वाट पाहणारी इंग्रजी माध्यमाची. वर्गाच्या चार भिंतींत जी तुलना चालते तीच आता फाट्यावर चालते, सोयरिकीत चालते, लग्नाच्या पंगतीत चालते. चुलतभाऊ इंग्रजीत कविता म्हणून दाखवतो आणि त्याच वयाचा, तोंडी हिशेबात त्याच्या दोन पावले पुढे असलेला मुलगा मान खाली घालतो, कारण त्या क्षणी हिशेब कोणी विचारलेला नसतो.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच चालत असे, आणि घरी मराठी बोलणारा मुलगा वस्तानियातून (मधल्या शाळेतून) फोकानियात (हायस्कुलात) जाताना गणित किंवा भूगोल शिकण्याआधी एक परकी भाषा शिकत असे. ज्याच्या घरात ती भाषा बोलली जाई त्याच्याशी त्याची तुलना होई, आणि भाषेतील अडखळणे हे बुद्धीचे अडखळणे म्हणून मोजले जाण्याची शक्यता पदोपदी असे. १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली. मापाची भाषा बदलली. पण घरातून मिळालेले साहित्य ज्याच्या गाठीला आहे त्याला अंगचा हुशार समजावे आणि ज्याच्या गाठीला नाही त्याला अंगचा मठ्ठ समजावे, ही गल्लत तशीच राहिली आहे.

वर्गातील क्रमांकाचा परिणाम किती दूरवर जातो, याविषयी इंग्लंडमधील वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींवर आधारलेला रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाइनहार्ट यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. प्राथमिक शाळेच्या अखेरीस दोन मुलांना सार्वत्रिक परीक्षेत अगदी समान गुण पडले, पण एकाचा वर्ग सामान्य असल्यामुळे तो त्यात वरच्या क्रमांकावर होता आणि दुसऱ्याचा वर्ग तल्लख असल्यामुळे तो मध्यावर होता. पुढे दोघेही नव्या माध्यमिक शाळेत, नव्या सवंगड्यांत गेले, जेथे त्यांचा जुना क्रमांक कोणास ठाऊक नव्हता. तरीही वरच्या क्रमांकाची सवय असलेला मुलगा पुढील परीक्षांत सरस ठरला, आणि अभ्यासकांना त्यामागे आत्मविश्वासाचा वाटा दिसला. मुलग्यांत हा परिणाम मुलींपेक्षा अधिक होता. गुण समान, तयारी समान, आणि तरीही फरक. कारण ‘मी या विषयात चांगला आहे’ ही भावना एकाने बरोबर नेली होती आणि दुसऱ्याने नेली नव्हती.

आता याची उलट बाजू पाहू, आणि त्यासाठी आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एका संस्थेकडे वळू. जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली तेव्हा देशात प्रथम जी दोन विद्यालये उघडली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे होते आणि दुसरे आपल्या अमरावतीस. आपल्या जिल्ह्याचे नवोदय कन्नडला आहे. पाचवीतील मुले परीक्षेस बसतात, जिल्ह्यातून ऐंशी निवडली जातात, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, राहणे-जेवणे व शिक्षण शासनाच्या खर्चाने. खेड्यातील गुणी मुलास आपल्या देशाने उघडून दिलेल्या द्वारांपैकी हे एक अत्यंत मोलाचे द्वार आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ‘नवोदयला लागला’ ही वार्ता गावात येते तेव्हा त्या घरी पेढे वाटले जातात, शाळेत सत्कार होतो, शाल-श्रीफळ येते, आणि ते योग्यच आहे.

पण त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. पहिलीपासून त्याचा पहिला नंबर कधी चुकलेला नाही. वर्गाचा मॉनिटर तो, फळ्यावर सुविचार लिहिणारा तो, स्वातंत्र्यदिनी भाषण करणारा तो, पाहुण्यांनी प्रश्न विचारला की गुरुजींची नजर प्रथम ज्याच्याकडे वळते तो तोच. तो कन्नडला जातो आणि त्याच्या सभोवार एकोणऐंशी मुले अशी आहेत की ती सर्व आपापल्या गावची पहिली आहेत. पहिल्या घटक चाचणीत तो अठ्ठेचाळिसावा येतो. त्याची बुद्धी जूनपासून ऑगस्टपर्यंत तिळमात्र कमी झालेली नाही, उलट तो पूर्वीपेक्षा अधिक शिकत आहे. पण ज्या एका वाक्यावर त्याने स्वतःची ओळख उभी केली होती ते वाक्य खोटे ठरले आहे, आणि त्याच्याजवळ दुसरे वाक्य नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर ‘नंबर कितवा आला रे?’ असे अंगणात बसलेला जो तो विचारतो, आणि मुलगा उत्तर टाळून आत निघून जातो.

हर्बर्ट मार्श या ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि लहान तळ्यातील मोठ्या माशाच्या उपमेने तिला नाव दिले. समान कुवतीची दोन मुले घेतली, तर ज्याच्या शाळेची सरासरी पातळी उंच असते त्याचे अभ्यासविषयक स्वमत खाली असते, आणि ज्याच्या शाळेची सरासरी सामान्य असते त्याचे स्वमत वर असते, असा त्याचा निष्कर्ष. पुढे मार्श आणि किट-ताई हाउ यांनी २००३ साली २६ देशांतील, पंधरा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ही प्रवृत्ती देशोदेशी आढळली. म्हणजे ती एखाद्या विशिष्ट संस्कृतीची लहर नव्हे. हाँगकाँगमधील अभ्यासात एक जास्तीची गोष्ट दिसली, ती पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे: नामांकित शाळेत आपण आहोत याचा अभिमान मुलास वर उचलतो, सभोवारच्या तल्लख मुलांशी होणारी तुलना त्याला खाली ओढते, दोन्ही ओढी एकाच वेळी काम करीत असतात, आणि एकूण हिशेबात खाली ओढणारी अधिक बलवान ठरते. नवोदयाच्या मुलाविषयी गावास अभिमान वाटत असतो, त्यालाही वाटत असतो, आणि तरीही तो रात्री वसतिगृहात स्वतःला ‘ढ’ म्हणत असू शकतो. यांत विसंगती नाही.

म्हणून मुलास नवोदयला घालू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. ऐंशींच्या वर्गात अठ्ठेचाळिसावा येणे म्हणजे काय, हे त्यास जाण्यापूर्वी कोणी समजावून सांगितले नाही, एवढेच माझे दुःख आहे. क्रमांक ही मुलाविषयीची माहिती असते त्याहून अधिक ती वर्गाविषयीची माहिती असते. तेच मूल दुसऱ्या वर्गात बसवले की क्रमांक बदलतो, आणि जी गोष्ट बाक बदलताच बदलते ती मुलाच्या अंगचा गुण असू शकत नाही. हे मोठ्यांना उमगलेले असते, तर शिष्यवृत्तीच्या निकालानंतर, दहावीच्या निकालानंतर, बसस्थानकाबाहेर फोटो छापून फ्लेक्स लावण्याची जी चढाओढ दिसते तिला थोडा तरी आळा बसला असता. एके काळी माध्यमिक शालान्त मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करीत असे, त्या यादीसाठी ‘लातूर पॅटर्न’सारखी संपूर्ण व्यवस्था उभी राहिली, पुढे मंडळाने ती यादी जाहीर करणे बंद केले, पण यादी कागदावरून गेली आणि फलकावर आली.

तुलनेचा आघात सोसताना मूल स्वतःचा बचाव कसा करते, हे विल्यम जेम्स याने १८९० सालीच एका लहानशा समीकरणात सांगून ठेवले आहे: स्वतःविषयीचा आदर म्हणजे मिळालेले यश भागिले बाळगलेली आकांक्षा. यश वाढवता येत नसेल, तर आकांक्षा कमी करूनही भागाकार सांभाळता येतो. जेम्सने स्वतःचे उदाहरण दिले आहे की मानसशास्त्रात कोणी आपल्याहून अधिक जाणता निघाला तर आपणास लाज वाटेल, परंतु ग्रीक भाषेच्या घोर अज्ञानात आपण सुखाने राहू शकतो, कारण ग्रीक येण्याची आकांक्षाच आपण धरलेली नाही. आपली पाचवी-सहावीची मुले हाच मार्ग पत्करतात. ‘मला गणित आवडतच नाही’ हे वाक्य पुष्कळदा आवडीविषयी नसते. ते दार आतून लावून घेतल्याची खूण असते. आणि मूल दार लावते ते नेहमी इतरांकडे पाहूनच लावते असेही नाही. मार्शच्या १९८६ च्या मांडणीनुसार ते आपल्याच दोन विषयांचीही परस्परांशी तुलना करते, आणि म्हणून गणितात उत्तम असलेली मुलगी, मराठीत वर्गातील बहुतेकांहून बरी असूनही, ‘माझे मराठी कच्चे आहे’ असे मनापासून समजून बसते.

मराठवाड्यातील काही मुलांना तर हा भागाकार मांडण्याची संधीच नीट मिळत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आलेली मुले बीड जिल्ह्यात सर्वाधिक आहेत, पण आपल्या जिल्ह्यासही ती अपरिचित नाहीत. शासनाने त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे योजली, तरी सर्वच मुले मागे राहात नाहीत. असे मूल परत येऊन वर्गात बसते तेव्हा भागाकाराचे दोन धडे पुढे गेलेले असतात. त्याने ते धडे ऐकलेलेच नाहीत, ही गोष्ट वर्ग लवकर विसरतो, आणि काही आठवड्यांनी ती स्वतः मूलही विसरते. ‘मी नव्हतो’ याचे ‘मला येत नाही’ असे रूपांतर होते. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा उपक्रम आला, प्रत्येक मूल शिकू शकते ही त्याची श्रद्धा होती आणि ती मला शिरोधार्य वाटते. परंतु अहवालाच्या रकान्यासाठी योजलेले ‘प्रगत’ आणि ‘अप्रगत’ हे शब्द रकान्यात राहिले नाहीत, ते मुलांच्या कानावर गेले.

सर्वांत कठोर तुलना ती, जिचा निकाल परीक्षेपूर्वीच लागलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना निराळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तेथे क्रमांक लावण्याची गरजच नव्हती. बसण्याच्या जागेनेच क्रमांक सांगितलेला होता. असे सांगणे मुलाच्या प्रत्यक्ष कामगिरीत शिरते, याचा आधुनिक पुरावा कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत घेतलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळतो. सहावी-सातवीतील सवर्ण आणि दलित मुलांना कागदावरील भूलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. कोणाची जात उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत विशेष अंतर पडले नाही. मुलांची नावे जातीसह सर्वांसमक्ष पुकारली तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे घसरली. हात तेच, कोडे तेच, मध्ये फक्त एक उच्चार आला होता.

या संदर्भात छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनाचे महत्त्व मला शिक्षणाच्या इतिहासात जेवढे सांगितले जाते त्याहून अधिक वाटते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय काढले, ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून, ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी अक्षर गिरवले नव्हते अशी मुले तेथे आली. त्यांना इमारत, पुस्तके, शिक्षक लाभले हे खरेच. पण आणखी एक दुर्लभ वस्तू लाभली, ती म्हणजे आपल्यासारख्याच घरातून आलेला, आपल्यासारखीच भाकर खाल्लेला आणि आपल्यापुढे एक वर्ष गेलेला सोबती. फेस्टिंगरच्या परिभाषेत सांगावयाचे तर तुलनेस योग्य असा ‘आपल्यासारखा’ माणूस त्यांना प्रथमच पुढच्या बाजूस दिसला. दलित साहित्याच्या चळवळीला याच भूमीतून बळ मिळाले, यात म्हणून मला नवल वाटत नाही.

येथे आपण तुलनेच्या हितकारक रूपापाशी येतो. हार्ट ब्लँटन, ब्राम ब्यूंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील माध्यमिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘तुम्ही आपले गुण कोणाच्या गुणांशी ताडून पाहता?’ असे त्यांनी मुलांनाच विचारले. बहुतेकांनी आपल्याहून किंचित सरस असलेल्या सवंगड्याचे नाव दिले, आणि अशी निवड करणाऱ्यांचे गुण पुढे वाढलेले आढळले. मार्शच्या निष्कर्षाशी हे प्रथमदर्शनी विसंगत भासेल. परंतु दोहोंतील भेद सूक्ष्म आणि निर्णायक आहे. येथे तुलनेचा माणूस मुलाने स्वतः निवडला आहे, तो जवळचा आहे, त्याचे पुढे असणे थोडेच आहे, आणि तो ते अंतर कसे कापतो हे रोज डोळ्यांसमोर दिसते. याउलट पालक जेव्हा ‘बघ, शेजारच्याची पोरगी कुठल्या कुठे गेली’ म्हणतात, तेव्हा निवड त्यांची असते, अंतर मोठे असते, मार्ग अदृश्य असतो, आणि ऐकणारे आणखी चौघे अंगणात बसलेले असतात. मूल तुलना करणारच. ते आपल्या हाती नाही. ती चव्हाट्यावर मांडावी की नाही, हे मात्र संपूर्णपणे मोठ्यांच्या हाती आहे.

स्तुतीनेही हेच घडू शकते, हे लक्षात येण्यास अधिक वेळ लागतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या काही मुलांना ‘तू फार हुशार आहेस’ असे म्हटले आणि काहींना ‘तू चांगली मेहनत केलीस’ असे. पुढे त्यांना विचारले की इतर मुलांना किती गुण पडले ते पाहावयाचे आहे की कोडी सोडवण्याच्या नव्या युक्त्या पाहावयाच्या आहेत. तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांचा ओढा इतरांच्या गुणांकडे होता आणि मेहनती म्हटलेल्यांचा युक्त्यांकडे. आपण प्रेमाने ‘हुशार’ म्हणतो आणि मुलाची मान शेजारच्या पाटीकडे वळवतो.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा मोठी आहे. भावनगरच्या गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे, आदिवासी मुलांमध्ये, बक्षीस आणि शिक्षा या दोहोंवाचून बालशिक्षण चालवून दाखवले; लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ काढले. आणि आपल्याच जिल्ह्यात, गाडिवाट येथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ च्या सुमारास मुलांना कोणती परदेशी भाषा शिकावयाची असे विचारले, तेव्हा यंत्रमानवांविषयीच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली. वृत्तपत्रांनी याचे कौतुक केले ते खेड्यातील मुले जपानी बोलतात म्हणून. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: जपानी कोणाच्याच घरी बोलली जात नव्हती, म्हणून सरपंचाचा मुलगा आणि मजुराची मुलगी दोघेही एकाच शून्यावरून निघाले.

शासनानेही बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा अमलात आल्यावर, २०१० पासून, पहिली ते आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, क्रमांक गेला आणि अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या. पालकसभेत आता ‘नंबर कितवा?’ याऐवजी ‘अ-एक किती जणांना?’ असे विचारले जाते, तेव्हा एवढ्याने काम भागले नाही हे उघड आहे. पण त्याच प्रगतिपुस्तकात तीन रकाने आहेत: ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’. त्यांत दुसऱ्या कोणत्याही मुलाचे नाव नाही, क्रमांक नाही. तेथे मुलाची तुलना फक्त त्याच्या स्वतःच्या जूनमधील अवस्थेशी करता येते. दुर्दैवाने हे रकाने छापील नोंदसंग्रहांतून उतरवलेल्या ठरीव वाक्यांनी भरले जातात, आणि तीस मुलांच्या नावापुढे ‘वाचन स्पष्ट व शुद्ध करते’ हेच वाक्य येते. ‘दिवाळीपूर्वी वजाबाकीत हातचा विसरत असे, आता तीन अंकी वजाबाकी बिनचूक करते, शाब्दिक उदाहरण वाचताना मात्र अडते, मोठ्याने वाचून घेतल्यास सुटते’ अशी एक नोंद लिहिण्यास, मुलगी नीट ओळखीची असेल, तर दहा मिनिटे पुरतात. तीस मुलांचा वर्ग, वर्षातून दोन सत्रे, म्हणजे एकूण दहा तास. माहिती मागवणाऱ्या तातडीच्या संदेशांतून, सर्वेक्षणांतून आणि निवडणुकीच्या कामांतून शिक्षकाच्या वर्षातील हे दहा तास राखून ठेवण्याचा हुकूम तालुक्याच्या गटशिक्षण कार्यालयातून निघावा, आणि पालकसभेत गुरुजींनी श्रेणीच्या आधी ती नोंद वाचून दाखवावी, तीही एकेका पालकास बाजूस बसवून, अशी माझी मागणी आहे.